नमुन्यातला नमुना

"काय नमुना आहे!" असं आपण एखाद्या इरसाल माणसाबद्दल म्हणतो. आमच्या घरात मात्र 'नमुना' हा शब्द लहानपणापासून वेगळ्याच अर्थाने कानावर पडला. आजोबा तलाठी होते. संध्याकाळी घरी कुणी आलं की ओटीवर बोलणं चालायचं ते असं: "सातला लागलंय का?" "अजून नाही, सहाला आहे. सर्कल आले की होईल." आम्हा पोरांना वाटायचं की सहाला, सातला म्हणजे एस्टीच्या वेळा. पुष्कळ उशिरा कळलं की हे गाव नमुना नंबर सहा आणि गाव नमुना नंबर सात.

पुढे मी संगणकात पडलो, आणि नशीब बघा, माझ्या वाट्यालाही नमुनेच आले. रिपोर्ट टेम्प्लेट्स. आज त्यांच्याबद्दलच लिहायचं आहे. विषय कोरडा वाटेल, पण या कोरड्या विषयापायी मी एका बाईंची तीन रात्रींची झोप घालवली होती. त्यामुळे मला तरी तो कोरडा वाटत नाही.

तर गोष्ट मार्च २००४ ची. मी पुण्यात एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत होतो. आमचं एक गिऱ्हाईक म्हणजे बऱ्याच शाखा असलेली एक पतसंस्था. प्रत्येक शाखेचा रिपोर्ट, त्यावरून विभागाचा, आणि विभागांवरून मुख्य कार्यालयाचा. या सगळ्या रिपोर्टांमध्ये व्याजाचा एक तुकडा सारखाच होता. तो तुकडा प्रत्येक ठिकाणी नव्याने कोण बनवणार? म्हणून आम्ही त्याचा एक वेगळा छोटा रिपोर्ट केला होता आणि तो मोठ्या रिपोर्टांच्या पोटात बसवला होता. याला सब-रिपोर्ट म्हणतात. नमुन्यातला नमुना.

आता हा पोटातला नमुना दोन प्रकारे बसवता येतो. एक म्हणजे त्याची नक्कल करून आत चिकटवायची. मग बाहेरचा मूळ नमुना बदलला तरी आतली नक्कल जुनीच राहते. दुसरा प्रकार म्हणजे आत फक्त पत्ता ठेवायचा, की दर वेळी मूळ फाईल उघड आणि तीच वापर. आमच्या टूलमध्ये हा फरक एका छोट्या टिकमार्कचा होता. आम्ही चौघं जण एकाच शेअर्ड फोल्डरमध्ये काम करायचो. कुणी टिक केली होती, कुणी केली नव्हती. कुणाला त्याचं महत्त्व ठाऊकही नव्हतं. मलाही नव्हतं.

मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात मुख्य कार्यालयाचा निरोप आला, की व्याज प्रत्येक खात्याला पूर्ण रुपयात दाखवा. मी तो तुकडा उघडला. आधी सगळ्या खात्यांचं व्याज पैशांसकट मिळवून शेवटी एकदा राऊंड होत होतं, ते मी प्रत्येक ओळीला राऊंड केलं. दहा मिनिटांचं काम. सेव्ह केलं आणि चहाला गेलो.

फरक काय पडतो ते सांगतो. समजा तीन खाती आहेत. व्याज १००.४०, २००.४० आणि ३००.४०. आधी बेरीज केली तर ६०१.२०, म्हणजे ६०१ रुपये. आधी प्रत्येक ओळ राऊंड केली तर १००, २००, ३००, म्हणजे ६००. तीन खात्यांत एक रुपया. मुख्य कार्यालयाच्या रिपोर्टात टिक होती, त्यामुळे तिथे माझा नवा तुकडा गेला. शाखेच्या रिपोर्टात टिक नव्हती, तिथे जुनी नक्कल राहिली. वर्षअखेरीला एका शाखेचा आकडा आणि मुख्य कार्यालयाचा आकडा यांत ४३ रुपयांचा फरक आला.

४३ रुपये! पण हिशेबात ४३ रुपये आणि ४३ हजार यांत फरक नसतो. ताळा जुळत नाही म्हणजे जुळत नाही. आणि जुळत नाही म्हटल्यावर चूक कुणाची? कॉम्प्युटर तर चुकत नाही! त्या शाखेत एक मध्यमवयीन बाई हिशेब बघायच्या. त्यांना मेमो मिळाला. त्यांनी तीन दिवस रात्री उशिरापर्यंत बसून एकूणएक व्हाउचर तपासलं. चौथ्या दिवशी त्यांचा आमच्या ऑफिसात फोन आला. आवाज रडवेला होता. "अहो सर, मला सापडतच नाहीये. तुम्ही जरा बघता का?"

मी बघितलं आणि अर्ध्या तासात मला कळलं. पोटात खड्डा पडला.

आमच्या साहेबांना सांगितलं तर ते म्हणाले, "राऊंडिंगचा इश्यू होता, सॉल्व्ह झाला, एवढंच कळव." मीही तेवढंच कळवलं. इश्यू कुणामुळे आला, ते लिहिलं नाही.

त्या रविवारी गावी गेलो. आजोबा तेव्हा चौऱ्याहत्तर वर्षांचे होते. मनातली खळबळ कुणाला तरी सांगायची होती, म्हणून त्यांना सगळं सांगितलं. त्यांना सब-रिपोर्ट कळेल असं वाटलं नव्हतं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि एकच विचारलं, "नमुना बदललास, तर फेरफार नोंदवला होतास का?"

*

या प्रश्नामुळे मी नमुन्यांचा इतिहास धुंडाळायला लागलो. तो दोन वाटांनी येतो. एक वाट अमेरिकेतली, दुसरी आपल्या चावडीतली.

आधी अमेरिकेतली. १८९० च्या जनगणनेसाठी हर्मन हॉलरिथने भोकं पाडलेली कार्डं आणि ती मोजणारं यंत्र वापरलं, ही गोष्ट बहुतेकांना माहीत असते. एका माणसाचं एक कार्ड. पुढे ही यंत्रं नुसती मोजायची थांबली नाहीत, छापायलाही लागली. १९४९ साली आलेलं आयबीएमचं ४०७ हे त्यातलं नावाजलेलं यंत्र. कोणता आकडा कागदावर कुठे छापायचा, बेरीज कधी मारायची, हे ठरवण्यासाठी या यंत्रांना तारांची एक पाटी असायची. टेलिफोन एक्स्चेंजसारख्या भोकांत वायरी खोचून ती पाटी तयार करायची. पगाराच्या रिपोर्टाची एक पाटी, विक्रीच्या रिपोर्टाची दुसरी. काम झालं की पाटी काढून मांडणीवर ठेवायची. म्हणजे टेम्प्लेट ही तेव्हा हातात धरता येणारी, धूळ पुसावी लागणारी वस्तू होती!

या यंत्रांना तीन पातळ्यांच्या बेरजा यायच्या: लहान, मधली आणि मोठी. कार्डं आधी नीट लावून घ्यायची. यंत्र एकेक कार्ड वाचत जायचं आणि गट बदलला की थांबून बेरीज छापायचं. समजा कार्डं जिल्हा, तालुका, गाव अशा क्रमाने लावली आहेत. गाव बदललं की लहान बेरीज, तालुका बदलला की मधली, जिल्हा बदलला की मोठी. तालुका बदलतो तेव्हा गावही बदललेलंच असतं, म्हणून आधी आतली बेरीज, मग बाहेरची. आजही कुठल्याही रिपोर्टिंग सॉफ्टवेअरमध्ये ग्रुप टोटल असते, ती हीच. मी ती शिकलो तेव्हा मला वाटलं होतं, काय आधुनिक कल्पना आहे!

१९५९ मध्ये आयबीएमचा १४०१ हा संगणक आला आणि त्याच्याबरोबर आरपीजी. रिपोर्ट प्रोग्राम जनरेटर. तारांच्या पाट्यांवर ज्यांची हयात गेली, त्या लोकांना संगणकाकडे आणण्यासाठी ही भाषा होती. त्यात प्रोग्राम 'लिहायचा' नसे, भरायचा असे. छापील तक्ते असत. एका तक्त्यात कुठली माहिती आत येणार, दुसऱ्यात काय हिशेब करायचा, तिसऱ्यात कागदावर कुठे छापायचं. प्रत्येक अक्षराचा रकाना ठरलेला. रकाना चुकला की प्रोग्राम चुकला. म्हणजे फॉर्म भरून फॉर्म बनवायचा. नमुन्यासाठी नमुना! आरपीजी आजही जिवंत आहे, हे ऐकून नव्या पोरांना हसू येतं. त्याच सुमाराच्या कोबॉल भाषेतही पुढे रिपोर्ट रायटर नावाचा भाग आला. डोक्यावर काय छापायचं, पायाशी काय, गट बदलला की काय, हे आधी सांगून ठेवायचं आणि बाकी यंत्रावर सोडायचं.

मग पीसी आला, माऊस आला, आणि रिपोर्ट 'काढायची' सोय झाली. चित्र काढावं तसा. कॅनडातल्या व्हँकुव्हरमध्ये जन्मलेलं क्रिस्टल रिपोर्ट्स १९९३ पासून मायक्रोसॉफ्टच्या व्हिज्युअल बेसिकबरोबर मिळायला लागलं आणि जगभरातल्या, अर्थात पुण्यातल्याही, हजारो प्रोग्रामरांच्या डोक्यावर येऊन बसलं. त्यात एका रिपोर्टाच्या पोटात दुसरा घालता येई, पण त्या दुसऱ्याच्या पोटात तिसरा नाही. २००१ मध्ये आलेल्या जॅस्परमध्ये तेही बंधन नव्हतं. हवं तितकं खोल जा. २००४ च्या सुरुवातीला मायक्रोसॉफ्टने स्वतःची रिपोर्टिंग सर्व्हिसही काढली, त्यात सगळे रिपोर्ट एका सर्व्हरवर ठेवून कुणी बघायचं आणि कुणी बदलायचं हे ठरवता येऊ लागलं.

या सगळ्या प्रवासात एक गोष्ट निसटली, असं मला वाटतं. तारांची पाटी एकच असायची. ती बदलायची तर मांडणीवरून उचलून आणावी लागे, आणि दहा जणांना दिसे की हा पाटी घेऊन चाललाय. फाईलचं तसं नाही. फाईलच्या नकला होतात. एकाच वेळी चार जण ती उघडतात आणि शेवटी सेव्ह करणारा जिंकतो. नमुना सोपा झाला आणि त्याची मालकी पातळ झाली. मी चहाला जाताजाता नमुना बदलू शकलो, ही सोयच होती. तीच माझी चूकही होती.

*

आता चावडीतली वाट.

आपल्याकडे पातळ्यांचे हिशेब इंग्रजांनी आणले असं समजायचं कारण नाही. गावाचा हिशेब कुलकर्ण्याकडे, परगण्याचा देशपांड्यांकडे, आणि वर पुण्यात हुजूर दफ्तर, ही उतरंड पेशवाईत होतीच. 'तेरीज', 'ताळेबंद', 'गोषवारा' हे शब्द त्याच दुनियेतले. पेशवे दफ्तराचे निवडक कागद रियासतकार सरदेसायांनी १९३० नंतरच्या काही वर्षांत ४५ खंडांत छापले. ते चाळताना हिशेबी माणसांची शिस्त बघून थक्क व्हायला होतं.

पण गावाचं दप्तर हे कुलकर्ण्याचं घरचं धन होतं. मोडी लिपीत, त्याच्या रुमालात बांधलेलं, त्याच्याच घरात. लिहायचा तो आणि वाचूनही दाखवायचा तोच. जोतीराव फुल्यांनी १८८३ च्या 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये निरक्षर शेतकऱ्याला नागवणाऱ्या लेखणीवर जो संताप काढलाय, त्याचं मूळ इथे आहे. आजच्या भाषेत सांगायचं तर नमुना, नोंद आणि मंजुरी या तिन्हींचे हक्क एकाच युजरला दिलेले होते.

१८१८ नंतर इंग्रजांना हे दप्तर हाती आलं, पण लागेना. १८२० च्या दशकात प्रिंगल नावाच्या अधिकाऱ्याने जमिनीची पाहणी करून सारा ठरवायचा घाट घातला. तो फसला, शेतकरी गावं सोडून जाऊ लागले. मग १८३५ पासून इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी नव्याने मोजणी आणि प्रतवारी सुरू केली. तीस वर्षांसाठी सारा कायम. या कामाचे नियम १८४७ च्या संयुक्त अहवालात पक्के झाले. आज आपण सर्व्हे नंबर म्हणतो तो या कामातून आला. डेटाबेसवाले ज्याला 'की' म्हणतात ती हीच. एकदा जमिनीला नंबर मिळाला, की मग त्या नंबरावर वाटेल तितके तक्ते रचता येतात.

आणि ते रचले गेलेच. १८७९ चा जमीन महसूल कायदा आला. १९०३ मध्ये हक्कनोंदणीचा वेगळा कायदा आला, आणि १९१३ मध्ये ती तरतूद मूळ कायद्यातच घेतली गेली. मग गावचे, तालुक्याचे आणि जिल्ह्याचे हिशेब एकमेकांत कसे बसावेत याची एक भली थोरली नियमपुस्तिका अँडरसन नावाच्या आयसीएस अधिकाऱ्याने तयार केली. महसूल खात्यातले जुने लोक 'अँडरसन मॅन्युअल' हे नाव अजूनही आदराने घेतात. गावाचे २१ नमुने, त्यांना अ, ब, क अशा शेपट्या, वर तालुका नमुने, त्यावर जिल्ह्याचे.

आजोबांनी त्या रविवारी मला हे एका जुन्या वहीच्या पाठकोऱ्या पानावर काढून दाखवलं. ते पान माझ्याकडे अजून आहे. नमुना एक म्हणजे आकारबंद, गावातल्या प्रत्येक सर्व्हे नंबरचं क्षेत्र आणि आकार. त्याच्या पोटात १अ, वनाच्या जमिनी. १ब, सरकारी पडीक. १ई, अतिक्रमणं. दोन, बिनशेती. तीन, इनामी जमिनी. चार, किरकोळ येणं. आणि या सगळ्यांवरून पाच नंबर, गोषवारा. सात म्हणजे हक्क कुणाचा, बारा म्हणजे पीक काय. हे दोन एका कागदावर आले की झाला सातबारा. सातवरून खातेदारवार आठ-अ. बारावरून गावाच्या पिकांचा अकरा.

"आणि सहा?" मी विचारलं.

"सहा म्हणजेच सगळं," आजोबा म्हणाले.

*

सहा नंबर म्हणजे फेरफार वही. जमीन विकली, वाटप झालं, माणूस मेला आणि वारस लागले, काहीही झालं तरी ते आधी सहाला लिहायचं. थेट साताला हात लावायचा नाही. सहाला तलाठी नोंद घालतो. मग ज्यांचा संबंध आहे त्यांना नोटीस. चावडीवर प्रत लावायची. हरकत घ्यायला पंधरा दिवस. हरकत आली तर ती नोंद ६अ मध्ये, वादाची वही वेगळी. आणि मुदत संपल्यावर सर्कल किंवा त्याच्या वरचा अधिकारी नोंद प्रमाणित करणार, मगच सातला अंमल. साताच्या त्या ओळीपाशी फेरफाराचा नंबर लिहायचा. म्हणजे पन्नास वर्षांनंतरही कुणी विचारलं की हे नाव इथे कसं आलं, तर बोट ठेवून मागे जाता आलं पाहिजे. १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेत १५० व्या कलमात हेच आहे.

"नमुना सरकारचा," आजोबांनी बोटं मोडून सांगितलं, "नोंद माझी, सही सर्कलची. तिघांपैकी एकालाही दुसऱ्याचं काम करता येत नाही. मला एक रकाना जास्त हवासा वाटला, तर मी तो आखू शकत नाही. मग तालुक्याचा नमुना माझ्या गावाशी जुळेल कसा?"

मी त्या खोलीत बसून मनातल्या मनात आमचं शेअर्ड फोल्डर बघत होतो.

आजोबा नोकरीला लागले ते १९५२ मध्ये. त्याच्या आदल्या वर्षी कुलकर्णी वतनं कायद्याने संपली होती. दप्तर वतनदाराच्या घरातून निघून पगारी माणसाच्या सज्जात आलं, त्या काळातल्या पहिल्या फळीतले ते. महसुली वर्ष ३१ जुलैला संपतं. त्यानंतर जमाबंदी. गावाचे हिशेब तालुक्याशी ताडून बघायचे. आजोबा सांगत की त्या दिवसांत जेवण जायचं नाही. एकदा दोन आणे जुळत नव्हते, म्हणून सायकलवरून रुमाल बांधून बारा मैल तालुक्याला गेले होते. चूक तालुक्याच्या कारकुनाची निघाली. "पण रावसाहेबांनी माझी क्षमा मागितली हो. कचेरीत, सगळ्यांसमोर." हे सांगताना पन्नास वर्षांनीसुद्धा त्यांचा आवाज बदलला. मी मान खाली घातली.

आता, तलाठ्याचा नातू म्हणून मी या व्यवस्थेचं गुणगान गातोय असं समजू नका. ही शिस्त कागदावर होती आणि कागद माणसांच्या हातात होता. नमुन्यात ज्याला रकाना नाही ते जगात नाही, हा नमुन्यांचा सगळ्यात मोठा अन्याय. कुळकायद्याचं बघा. १ एप्रिल १९५७ च्या कृषकदिनाला, काही अपवाद सोडले, तर कसणारं कूळ जमिनीचं मालक व्हायचं होतं. पण कूळ म्हणून नाव लागलेलं हवं. एका रकान्यातल्या एका नावावर एका घराचं पुढचं सगळं नशीब! ज्यांचं नाव लागलं त्यांच्या नातवंडांची घरं आणि ज्यांचं लागलं नाही त्यांच्या नातवंडांची घरं आमच्या गावात आजही वेगळी ओळखू येतात. बायकांचंही तेच. लेकींची, विधवांची नावं मालकाच्या रकान्यात न जाता 'इतर हक्क' या बाजूच्या रकान्यात टाकून द्यायची चाल किती गावांत होती! १९९० च्या सुमाराला शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्तीची मोहीम काढली आणि बायकोच्या नावावर जमीन करा म्हणून गावोगाव सांगितलं. ती लढाई एका अर्थी रकान्याचीच होती.

माझ्या आजीचं नाव कुठल्याही रकान्यात नव्हतं. हे आजोबांना विचारायचं राहून गेलं. खरं म्हणजे धीर झाला नाही.

*

आता सातबारा ऑनलाइन आहे. संगणकावर चढवलेले सातबारे लोकांना वाचून दाखवायची चावडी वाचनाची मोहीम २०१७ साली झाली. आम्ही ज्याला यूजर अ‍ॅक्सेप्टन्स टेस्टिंग म्हणतो ते हेच, फक्त पारावर. १ मे २०१८ ला डिजिटल सहीचे सातबारे सुरू झाले. १५ ऑगस्ट २०२१ पासून शेतकरी स्वतःच्या मोबाईलवरून पिकाची नोंद करू लागला. म्हणजे बारा नंबरात लिहायचा हक्क पहिल्यांदा ज्याचं पीक त्याच्याकडे गेला. आजोबा हे बघायला नव्हते. असते तर आधी कुरकुरले असते आणि मग "तपासतं कोण?" एवढं विचारलं असतं. फेरफारही आता संगणकावरच होतो, पण क्रम तोच. आधी सहा, मग नोटीस, मग मंजुरी, मग सात. कागद गेला, पायऱ्या राहिल्या.

आणि मी? त्या रविवारच्या रात्री मी पुण्याला परत आलो आणि सोमवारी एक दोनशे पानी वही विकत घेतली. तिच्यावर 'नमुना सहा' असं लिहिलं. सहकाऱ्यांनी थट्टा केली. त्यात रकाने आखले: तारीख, कुठला टेम्प्लेट, काय बदललं, कुणी सांगितलं, कुठल्या कुठल्या रिपोर्टांच्या पोटात तो आहे, कुणाला कळवलं, कुणी तपासलं. नियम असा की आधी वहीत, मग फाईलमध्ये. ज्याने बदललं त्याने तपासायचं नाही. पोटातले सगळे नमुने एकाच पद्धतीने बसवायचे, पत्त्याने. नक्कल चिकटवायची असेल तर तसं वहीत लिहायचं. आणि दर महिन्याला बारक्या आकड्यांचा एक ठरलेला रिपोर्ट काढून खालच्या बेरजा वरच्या बेरजेशी ताडून बघायच्या. आमची जमाबंदी! पुढे चांगली साधनं आली, कोण केव्हा काय बदलतं ते आपोआप नोंदलं जाऊ लागलं. पण 'कशासाठी बदललं' आणि 'कुणाला कळवलं' हे कुठलंही साधन आपोआप लिहीत नाही. त्यामुळे वही गेली तरी ते दोन रकाने मी आजतागायत सोडलेले नाहीत.

वहीतली पहिली नोंद मी मागच्या तारखेची केली. व्याजाचा तुकडा, ओळीवार राऊंडिंग, बदलणारा मी, कुणाला कळवलं: कुणालाही नाही. तपासणारा: कुणी नाही. ते स्वतःच्या अक्षरात लिहिताना हात जड झाला होता. मग त्या पानाची झेरॉक्स काढली, सोबत एक पत्र लिहिलं, की फरक आमच्या बदलामुळे आला, शाखेच्या हिशेबात चूक नव्हती. साहेबांनी सही करायला तीन आठवडे लावले. पण केली.

ते पत्र घेऊन मी स्वतः त्या शाखेत गेलो. बाईंनी चष्मा लावून ते दोनदा वाचलं. मला वाटलं होतं, चिडतील. त्या म्हणाल्या, "याची एक प्रत मला द्याल? घरी दाखवायची आहे."

मी त्यांना मूळ पत्रच दिलं आणि संस्थेसाठी प्रत काढायला कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडे गेलो. मेमो पुढे मागे घेतला गेला, असं कळलं.

असो. गावी गेल्यावर आजोबांना हे सांगितलं, तेव्हा ते अंथरुणाला खिळलेले होते. त्यांनी डोळे मिटूनच विचारलं, "नोंद प्रमाणित झाली म्हणायची?"

म्हटलं, "झाली."